एक घर, तीन उत्तरवादी आणि एकच वकील

खालचं प्रकरण प्रातिनिधिक आहे. इंदूरच्या मराठी वस्त्यांतून कौटुंबिक हिंसाचाराच्या ज्या तक्रारी येतात, त्यांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका कुटुंबात गुंफल्या आहेत. माणसं आणि रकमा कल्पित आहेत. कलमं, नियम आणि निकाल मात्र खरे आहेत.

घर आणि माणसं

लोकमान्य नगरातलं बैठं घर. प्लॉट सासऱ्यांनी नोकरीच्या पैशातून घेतला, घरही त्यांनीच बांधलं. ते मृत्युपत्र न करता गेले आणि नामांतरण सासूच्या एकटीच्या नावावर झालं. सासू ६७ वर्षांच्या, कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या. मुलगा ३६ वर्षांचा, पीथमपूरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात सुपरवायझर, हातात येणारा पगार ४२,००० रुपये. सून ३१ वर्षांची, माहेर धुळ्याचं, लग्नाला सहा वर्षं, पदरी चार वर्षांचा मुलगा. घराजवळच्या बालवाडीत ती महिना ८,००० रुपयांवर काम करते. नणंद लग्न होऊन वडोदऱ्याला. दिवाळीला आणि उन्हाळ्यात चार दिवस येणारी.

मारहाण आधीही होती. एका रात्री नवऱ्याने सुनेला मुलासकट घराबाहेर काढलं आणि दार आतून लावून घेतलं. तिने ११२ ला फोन लावला. गाडी आली, तिला थान्यात नेलं, तिथून वैद्यकीय तपासणीसाठी एमवाय रुग्णालयात. डाव्या मनगटाला सूज, पाठीवर वळ. थान्यात ‘अदम चेक’ फाटला, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), म्हणजे साधी दुखापत, तेवढंच धरलं. ते अदखलपात्र आहे. नवऱ्याची क्रूरता हे कलम ८५ (जुनं ४९८-अ) दखलपात्र आहे. ते लावायचं की नाही, हा प्रश्न त्या रात्री कोणी विचारलाच नाही.

पहिला महिना कसा गेला

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याचं कलम ५ सरळ सांगतं की तक्रार कानावर आली की पोलीस अधिकाऱ्याने बाईला पाच गोष्टी सांगायच्या: न्यायालयाकडून कोणते आदेश मागता येतात, संरक्षण अधिकारी आहे, सेवा देणाऱ्या संस्था आहेत, मोफत वकील मिळतो आणि कलम ८५ खाली फौजदारी तक्रारही करता येते. प्रत्यक्षात तिला मिळाली परामर्श केंद्राची, म्हणजे थान्यातल्या समुपदेशनाची तारीख, आणि पंधरा दिवसांनी दुसरी.

थान्याच्या पातळीवरचं हे समुपदेशन या कायद्यातलं नव्हे. कायद्यातलं समुपदेशन कलम १४ मध्ये आहे. ते न्यायदंडाधिकारी सांगतात, अर्ज दाखल झाल्यावर. तरीही थान्यातली बैठक टाळावी असं नाही, पुष्कळ भांडणं तिथे मिटतात. धोका असतो तो शेवटी सही घेतल्या जाणाऱ्या कागदात. या प्रकरणात त्यावर लिहिलं होतं: ‘दोन्ही पक्षांत वाद होत असत, यापुढे होणार नाहीत.’ मारहाणीचा शब्द नाही, तारीख नाही. हाच कागद पुढे नवऱ्याने ‘भांडण दोघांचं होतं’ याचा पुरावा म्हणून जोडला. अशा कागदावर सही करायची तर त्यात घटना आणि तारीख लिहून घ्यावी आणि प्रत तिथल्या तिथे मागावी. प्रत मिळत नसेल तर सही करायची काही घाई नसते.

याच महिन्यात ओळखीतून एक खाजगी वकील गाठले गेले. त्यांनी १५,००० रुपयांत ‘सगळ्या केसेस’ करून देतो म्हटलं आणि मसुदा तयार केला. त्यात चार दोष होते. प्रत्येक आरोप ‘नवरा, सासू व नणंद यांनी मिळून’ असा. पोटगी ४०,००० मागितलेली, म्हणजे बेचाळीस हजारांच्या पगारातून नवऱ्याकडे उरायचे दोन हजार. शपथपत्रात ‘अर्जदारास काहीही उत्पन्न नाही’, जेव्हा तिच्या बँक खात्यात दरमहा आठ हजार जमा होत होते. आणि निवासाची मागणी एका ओळीत: ‘घरात राहू द्यावे.’ असा अर्ज पहिल्या उलटतपासणीत कोसळतो, आणि खोट्या शपथपत्राने खऱ्या मारहाणीवरचा विश्वासही जातो.

मोफत वकील: दार कुठे आणि कोणासाठी

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये पात्रतेची यादी आहे. त्यात ‘स्त्री किंवा बालक’ हा स्वतंत्र गट आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. म्हणून बालवाडीच्या पगारामुळे तिचा हक्क जात नव्हता. तरीही तिच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला गेला. अशा वेळी वाद न घालता अर्जावरच ‘कलम १२(सी) अन्वये पात्र’ असं लिहावं आणि अर्ज देऊन पोच घ्यावी.

जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाशी जोडलेलं असतं. १५१०० या क्रमांकावरूनही सुरुवात होते. लागतं ते एवढंच: ओळखपत्र, सध्याचा पत्ता, घटना थोडक्यात आणि हाताशी असलेले कागद (अदम चेकची प्रत, वैद्यकीय अहवाल, लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला). २०१० च्या राष्ट्रीय विनियमांनुसार अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. पॅनलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, एखादा वकील आपल्याला हवा असेल तर तसं लिहिता येतं आणि प्राधिकरण ते मान्य करू शकतं. ही सोय फार कमी लोक वापरतात. पॅनल वकिलाने पक्षकाराकडून फी घ्यायची नसते. ‘टायपिंगचे’, ‘मुंशीचे’ म्हणूनही नाही.

खरी अडचण पुढे येते. पॅनल वकिलाला मानधन प्रकरणामागे मिळतं आणि ते बाजारभावाच्या जवळपासही नसतं. मग पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, कनिष्ठ येतो किंवा कोणीच येत नाही. दोन पेश्या अशा गेल्या तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवावं: प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक, गैरहजेरीच्या तारखा आणि वकील बदलून मिळावा ही एका ओळीतली विनंती. तोंडी तक्रार कुठेच नोंदली जात नाही.

आता दुसरी बाजू. सासू आणि नणंद याही स्त्रिया आहेत. कलम १२ मध्ये ‘पीडित स्त्री’ असं लिहिलेलं नाही, नुसतं ‘स्त्री’ आहे. कलम १३ मध्ये तर दावा करण्यासाठी किंवा ‘बचावासाठी’ सकृद्दर्शनी मुद्दा असला की पुरे, असे शब्द आहेत. म्हणजे सासूबाईंनाही मोफत वकील मिळतो. फक्त तो सुनेच्या वकिलाहून वेगळा हवा, आणि एकाच कार्यालयातला नको. नवऱ्याचं तसं नाही. तो अनुसूचित जाती-जमातीचा, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला किंवा राज्याने ठरवलेल्या उत्पन्नमर्यादेखालचा असेल तरच पात्र. सुपरवायझर असलेला, बेचाळीस हजार कमावणारा माणूस यात बसवणं कठीण. त्याला वकील स्वतःच करावा लागतो.

यात अन्याय आहे का? पैशाच्या दृष्टीने फारसा नाही. मात्र परिणाम असा होतो की घरातला कमावता पुरुष वकील करतो आणि तोच वकील ‘सासरच्या सगळ्यांचा’ होतो. या प्रकरणाची गाठ नेमकी इथे बसली.

अर्ज नव्याने

पॅनल वकिलाने जुना मसुदा बाजूला ठेवला. आधी संरक्षण अधिकाऱ्याकडून घरेलू घटना अहवाल, म्हणजे नमुना १, भरून घेतला. मध्य प्रदेशात ही जबाबदारी महिला व बाल विकास विभागातल्या अधिकाऱ्यांकडे असते. अंगणवाड्या आणि पोषणाचं काम सांभाळून ते हे करतात, त्यामुळे अहवालाला वेळ लागतो. तोपर्यंत अर्ज अडवून ठेवायचं कारण नाही: प्रभा त्यागी प्रकरणात (मे २०२२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालाशिवायही आदेश देता येतो. अहवाल आला असेल तर मात्र तो विचारात घ्यावाच लागतो. संरक्षण अधिकारी नेमा, मोफत कायदेशीर मदतीची माहिती पसरवा, असं सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्येही राज्यांना सांगावं लागलं. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षं उलटली होती.

हिंसाचार कायद्याखालचा मुख्य अर्ज नमुना २ मध्ये, तातडीच्या आदेशासाठी कलम २३ चा अर्ज आणि त्यासोबत नमुना ३ चं शपथपत्र. धुळ्याला दाखल करायचा की इंदूरला? कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती जिथे राहते तिथेही चालतं. मुलाची शाळा आणि तिचं काम इंदूरला, म्हणून इंदूर.

घटना तारीखवार लिहिल्या. ज्या घटनेत जो होता त्याचंच नाव. असं केल्यावर लक्षात आलं की नणंदेच्या नावावर दोन टोमणे आणि एक फोन यापलीकडे काही नाही. कहकशां कौसर प्रकरणात (फेब्रुवारी २०२२) आणि पुन्हा दारा लक्ष्मी नारायण प्रकरणात (डिसेंबर २०२४) सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकांवरच्या सरसकट, तपशीलहीन आरोपांची कार्यवाही रद्द केली आहे. ही दोन्ही प्रकरणं ४९८-अ ची होती, पण दंडाधिकारी हिंसाचाराचा अर्ज वाचतानाही तोच निकष मनात धरतात. वकिलाने नणंदेचं नाव वगळायचा सल्ला दिला. माहेरच्यांनी ऐकलं नाही. ‘तिला पेशीला वडोदऱ्याहून यावं लागलं की कळेल,’ हा त्यांचा हिशेब. नाव राहिलं.

पैशाचा हिशेब असा मांडला: भाडं ७,०००, शाळेची फी २,५००, शाळेची व्हॅन १,०००, किराणा-दूध-गॅस ८,०००, वीज १,०००, औषधं १,०००. एकूण २०,५००. त्यातून स्वतःचे ८,००० वजा, मागणी १२,५००. रजनेश विरुद्ध नेहा (नोव्हेंबर २०२०) या निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात आठ हजार लपवणं म्हणजे स्वतःच्या हाताने केस बुडवणं.

स्त्रीधनाची यादी वेगळ्या कागदावर: वस्तू, वजन, कोणी दिली, सध्या कोणाच्या ताब्यात. लग्नाच्या फोटोंत दिसणाऱ्या दागिन्यांवर क्रमांक टाकले. परत मिळवण्याचा आदेश कलम १९(८) खाली मागितला आणि अंमलासाठी थान्याची मदत १९(७) खाली. हे दुसरं मागायचं राहिलं तर आदेश हातात घेऊन बाई दारात उभी राहते आणि आतून कोणी उघडत नाही.

मोबाइलवरचे संदेश मराठीत होते. इथल्या खालच्या न्यायालयांची भाषा हिंदी, म्हणून मूळ संदेशाशेजारी हिंदी भाषांतर लावलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे आता प्रमाणपत्राचे दोन भाग लागतात, एक मोबाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि एक तज्ज्ञाचा, हॅश मूल्यासकट (मजकूर बदललेला नाही हे तपासायची अंकाक्षरी खूण). नुसते स्क्रीनशॉट छापून दिले तर दुसरी बाजू पहिला आक्षेप तिथेच घेते. एक खबरदारी: नवा फोन घेताना जुना विकू नये.

नोटीस

हिंसाचार कायद्याचं कलम १२(४) म्हणतं, पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत. १२(५) म्हणतं, साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न. नोटीस दोन दिवसांत बजावायची, तीही संरक्षण अधिकाऱ्याने. इथे पहिली नोटीस ‘घर बंद’ शेऱ्याने परत आली, कारण नवरा पाळीला आणि सासू देवळात. दुसऱ्यांदा २००६ च्या नियमांतल्या नियम १२ चा आधार घेऊन कारखान्याचा पत्ताही दिला. नोकरीच्या ठिकाणी बजावणी चालते. ती लागली. पाच आठवडे मात्र गेले होते.

नोटीस मिळाल्यावर नवरा घाबरून आधी जामिनाची चौकशी करत सुटला. या कायद्याच्या कलम १२ च्या अर्जात तो आरोपी नसतो, उत्तरवादी असतो, म्हणजे अर्जाला उत्तर देणारा पक्ष. जामीन लागत नाही, आणि गैरहजर राहिल्यास वॉरंटऐवजी एकतर्फी आदेश होतो. या कार्यवाहीत जामीनपात्र वॉरंट काढण्याचं समर्थन होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं. असल्या भीतीवरही पैसे उकळले जातात.

संयुक्त उत्तर

नवऱ्याने केलेल्या वकिलांनी तिघांच्या वतीने एकच उत्तर दाखल केलं, शेवटी तीन सह्या. नणंदेची सही वडोदऱ्याहून कुरिअरने मागवली. उत्तरातले चार मुद्दे:

‘अर्जदार कधीही सुखाने राहिली नाही, तिच्याशी कोणीही मारहाण केली नाही.’
‘सदर घर केवळ उत्तरवादी क्रमांक २, म्हणजे सासू, यांच्या मालकीचे असून मुलाचा वा मुलीचा त्यात कोणताही हक्क नाही.’
‘उत्तरवादी क्रमांक २ यांना मुलाकडून कोणताही त्रास नाही.’
‘अर्जदाराचा संपूर्ण अर्ज खोटा आहे.’

वरवर पाहता नेहमीचं उत्तर. पण घर सासऱ्यांच्या स्वकमाईचं आणि मृत्युपत्र नाही; म्हणजे हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी यांना सारखे हिस्से. नामांतरण महसुली नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. भावजयीला घराबाहेर ठेवण्याच्या भरात नणंदेने स्वतःच्या तिसऱ्या हिश्श्यावर न्यायालयात लेखी पाणी सोडलं होतं. पुढे कधी वाटणीचा दावा केला तर हाच कागद तिच्यासमोर येणार.

बरं, ज्या कारणासाठी हे लिहिलं त्याचाही उपयोग नव्हता. सून सामाईक घरात राहू शकते की नाही, हे मालकी कोणाची यावर ठरत नाही. २००६ चा बत्रा निकाल तसं म्हणत होता. सतीश चंदर आहुजा प्रकरणात (१५ ऑक्टोबर २०२०) तीन न्यायमूर्तींनी तो रद्द ठरवला. घर सासूचं असलं तरी, ती तिथे कायमपणे संसार करत होती तर ते सामाईक घर. म्हणजे निरुपयोगी मुद्द्यासाठी एका पक्षकाराचं नुकसान झालं, आणि तिघांचा वकील एक असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

नवऱ्याने याच सुमारास दुसरा डाव टाकला. आईच्या नावाने ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ खाली एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे) सुनेला घराबाहेर काढण्याचा अर्ज दिला. त्या कायद्याच्या कलम १७ मध्ये वकिलाला बंदी आहे. काही उच्च न्यायालयांनी ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३० पुढे ती टिकत नाही असं म्हटलं आहे, तरी टेबलावरचा बाबू ‘वकील चालत नाही’ म्हणतोच. अशा वेळी पॅनल वकिलाने लेखी उत्तर तयार करून तिच्या सहीने दाखल करावं. त्यात एस. वनिता प्रकरण (डिसेंबर २०२०) आधाराला घ्यावं: ज्येष्ठ नागरिक कायद्याचा वापर करून सुनेचा निवासहक्क गुपचूप संपवता येत नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचायचे.

सासूबाईंचा वेगळा वकील

सासूबाई एसडीएम कार्यालयात गेल्या तेव्हा त्यांना अर्जात काय लिहिलंय हे सांगता आलं नाही. तिथून कोणीतरी त्यांना विधिक सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं. तिथे पहिलं वाक्य ऐकू आलं, ‘आई, तुम्ही तर समोरच्या पार्टीच्या.’ अर्ज घ्यायला आढेवेढे झाले. विधी सेवा कायद्याचं कलम १२ आणि १३ दाखवल्यावर घेतला गेला. वकील दिली गेली ती सुनेच्या वकिलाशी संबंध नसलेली.

पहिली मुलाखत मुलाला बाहेर बसवून घेतली. हे फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेक ठिकाणी होत नाही. तासाभरात कळलं की निवृत्तिवेतनाचं एटीएम कार्ड मुलाकडे असतं, महिन्याला औषधापुरते पैसे मिळतात, आणि सुनेला काढलं त्या रात्री मध्ये पडल्यावर त्यांनाही ढकललं गेलं होतं. ‘ताई, मी त्याच्याविरुद्ध कसं बोलू? राहायचंय मला तिथेच,’ हे त्यांचं म्हणणं.

कायद्याच्या दृष्टीने त्या दोन जागी उभ्या होत्या. सुनेच्या अर्जात उत्तरवादी, आणि मुलाविरुद्ध स्वतः पीडित. हिंसाचार कायद्याच्या कलम २ च्या व्याख्येत आईसुद्धा येते; निवृत्तिवेतन काढून घेणं कलम ३ मधला आर्थिक छळ आहे. हिरल हरसोरा निकालाने (ऑक्टोबर २०१६) ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द खोडले, म्हणून स्त्रीविरुद्धही अर्ज होतो. त्यामुळेच सासू सुनेला ओढू शकते आणि सून सासूला. या कायद्यात पुरुषाला अर्जदार होता येत नाही, ही टीका खरी आहे. त्या वादात मात्र एक गोष्ट झाकली जाते: याच कायद्याचं संरक्षण मिळू शकणारी घरातली दुसरी बाई बहुतेक वेळा आरोपांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असते.

वकिलाने तीन गोष्टी केल्या. संयुक्त उत्तरातून सासूबाईंचं नाव काढून स्वतंत्र उत्तर देण्याची परवानगी मागितली. एसडीएमकडचा अर्ज सुनेपुरता मागे घेतला. मुलाविरुद्ध लगेच केस केली नाही. बँकेत जाऊन कार्ड बंद करून नवं घेतलं आणि मोबाइल क्रमांक बदलला. शेवटची गोष्ट कुठल्याही कलमात नाही, पण सासूबाईंच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची तीच.

स्वतंत्र उत्तरात त्यांनी सुनेची बाजू घेतली नाही. दोघींत स्वयंपाकघरावरून कुरबुरी होत्या, त्या तशाच लिहिल्या. त्या रात्रीबद्दल चार ओळी: आवाज ऐकला, बाहेर आले, मुलाने दार लावलं, मला ढकललं. दंडाधिकाऱ्यांना अंतरिम आदेशासाठी याहून जास्त काही लागलं नाही.

आदेश आणि त्यातली फट

अर्जापासून सातव्या महिन्यात अंतरिम आदेश झाला. घरी परत नाही, कारण तिलाच जायचं नव्हतं. कलम १९(१)(एफ) खाली पर्यायी निवासाचं भाडं ६,०००. मुलासाठी ३,५००, तिच्यासाठी २,०००. एकूण ११,५००, अर्जाच्या तारखेपासून. कायद्यात ठरावीक सूत्र नाही. पगाराचा चौथा हिस्सा रास्त, असं २०१७ च्या कल्याण डे चौधरी निकालात म्हटलं होतं. त्या मापाने १०,५०० येतात. नणंदेविरुद्ध सकृद्दर्शनी काही नाही म्हणून तिचं नाव वगळलं. तोवर ती दोनदा येऊन गेली होती.

कलम १८ खाली नवऱ्याला तिच्या राहत्या जागी, कामावर आणि मुलाच्या शाळेत जायला मनाई. मुलाला भेटायचं कधी, कुठे? आदेशात काही नाही. कलम २१ खाली भेटीची व्यवस्था मागता येते, पण ‘सगळा अर्ज खोटा’ म्हणणाऱ्या उत्तरात ती मागितलीच नव्हती. सरधोपट नकाराची ही किंमत. महिन्यातले दोन रविवार, तीन तास, सार्वजनिक जागी, एवढं लिहून घेतलं असतं तरी पुढचं टळू शकलं असतं.

मुलाच्या वाढदिवसाला नवरा खेळणं घेऊन सुदामा नगरातल्या तिच्या खोलीवर गेला. दार उघडलं नाही तेव्हा ते लाथांनी वाजवलं. कलम ३१ खाली गुन्हा दाखल झाला: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ३२ प्रमाणे दखलपात्र आणि अजामीनपात्र. अटक झाली.

आणि आता त्याला सरकारी खर्चाने मोफत वकील मिळाला. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. विधी सहाय्य बचाव वकील प्रणाली २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यात उभी राहिली. त्यात मुख्य वकिलाला किमान दहा वर्षांचा फौजदारी अनुभव, उपवकिलाला सात. काम पूर्णवेळ, खाजगी वकिली बंद. पॅनल पद्धतीपेक्षा ही व्यवस्था बरीच चांगली आहे, पण तिचं काम फौजदारी प्रकरणांतल्या आरोपींपुरतं. पहिल्या रिमांडलाच बचाव वकिलाने मुद्दा मांडला: सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अर्णेश कुमार निकालाप्रमाणे (जुलै २०१४) अटकेची गरज कारणांसह लिहावी लागते, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजेरीची नोटीस देता आली असती. जामीन झाला. सुनेची बाजू सरकारी अभियोजन अधिकारी मांडतात. तिचा पॅनल वकील नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८(८) खाली न्यायालयाच्या परवानगीने त्यांना मदत करू शकतो. ही परवानगी इथे पहिल्याच तारखेला मागितली.

नवऱ्याला मिळालेला सर्वांत चांगला कायदेशीर सल्ला कोठडीत मिळाला. बचाव वकिलाने आदेशाची प्रत त्याला ओळीने वाचून दाखवली आणि सांगितलं की भेटीसाठी कलम २१ चा अर्ज करा, परिस्थिती बदलल्याचं दाखवून कलम २५ खाली बदलही मागता येतो. सात महिने फी भरूनही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

वसुली

सात महिन्यांची थकबाकी ८०,५०० रुपये. पैसे न देणं हे कलम ३१ चं उल्लंघन मानून तुरुंगात टाका, असा अर्ज करण्याचा मोह होतो. बरीच उच्च न्यायालयं ते मान्य करत नाहीत. कलम ३१ संरक्षण आदेशापुरतं आहे. सोपी वाट कलम २०(६) ची: मालकाला थेट पगारातून रक्कम कापून न्यायालयात जमा करायला सांगणं. त्यासाठी अर्जात कारखान्याचं पूर्ण नाव-पत्ता, कर्मचारी क्रमांक आणि पगार जमा होणारं खातं द्यावं लागतं. ते नवऱ्याच्याच मालमत्ता-शपथपत्रातून मिळतं. नवऱ्याने त्यात नुसतं मूळ वेतन दाखवलं होतं. बँकेच्या उताऱ्यात ओव्हरटाइम दिसला.

दुसरी वाट वॉरंटची, पोटगीच्या वसुलीसारखी. तिथे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४(३) मधली मुदत पाहावी लागते: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज नसेल तर त्या महिन्याचं वॉरंट निघत नाही. म्हणून ‘सगळं मिळून शेवटी बघू’ असं करू नये. दर तीन-चार महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाकत जावा.

नवऱ्याने अंतरिम आदेशाविरुद्ध कलम २९ खाली सत्र न्यायालयात अपील केलं, तीस दिवसांच्या मुदतीत. अपील दाखल झाल्याने आदेश आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. ती थकबाकीची अर्धी रक्कम भरण्याच्या अटीवर मिळाली. ४०,२५० रुपये जमा झाले आहेत आणि ते काढून घेण्याचा सुनेचा अर्ज प्रलंबित आहे. नवऱ्याचा भेटीचा अर्ज दाखल झाला आहे. नणंदेने स्वतःचा वकील करून संयुक्त उत्तरातलं मालकीबद्दलचं विधान मागे घेण्यासाठी अर्ज दिला आहे, पण तिचं नाव प्रकरणातूनच वगळलं गेल्यामुळे तो तिथे ऐकला जाईल की दिवाणी न्यायालयातच जावं लागेल, हे पुढच्या पेशीला ठरायचं आहे.